पापुद्रा

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा झाडाच्या शेंड्यावर एक कृत्रिम पाखरू बसवले होते, ही गोष्ट आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मराजाला झाड दिसले, भाऊ दिसले, गुरुजीही दिसले. अर्जुनाला पाखरापलीकडे काही दिसेना. त्यावरून कोणाची एकाग्रता किती ते ठरले आणि गोष्ट संपली. नेम धरणाऱ्याचे कौतुक झाले, बाणाचे झाले, धनुष्याचेही झाले. पाखराची हकीकत मात्र एका वाक्यात आटोपते. बाण लागला आणि ते खाली पडले, इतकेच.

मला त्या पाखराविषयी आपुलकी वाटते, त्याला कारण आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, न्यूट्रॉन तयार करणाऱ्या यंत्रावर काढली. त्या यंत्रातली जी वस्तू अष्टौप्रहर मार खाते, तिची देखभाल माझ्याकडे होती. आम्ही तिला सरळ ‘टार्गेट’ म्हणत असू. लग्नकार्यात एखाद्या गृहस्थाने “आपण काय करता?” असे विचारावे, मी “टार्गेट सांभाळतो” म्हणावे, आणि मी विम्याच्या धंद्यातला आहे असे समजून त्याने हळूच पलीकडच्या पंगतीत सरकावे, असे अनेकदा झाले. तेव्हा हे टार्गेट म्हणजे काय, ते एकदा सविस्तर सांगून टाकतो.

दिसायला वस्तू अगदी साधी. तांब्याची एक गोल चकती, रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी. तिच्या एका बाजूवर मधोमध करड्या रंगाचा गोल ठसा. हा ठसा म्हणजे टायटॅनियम धातूचा पापुद्रा. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही सहस्रांश. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. तेव्हा केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा पापुद्रे सहज मावावेत. आणि या पापुद्र्यात ट्रिटियम नावाचा वायू मुरवलेला असतो.

‘मुरवलेला’ हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. वायू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिलिंडर किंवा फुगा येतो. पण काही धातू हायड्रोजन वायू असा काही पिऊन टाकतात, की लोणच्यात मीठ मुरावे तसा तो धातूच्या अंगात मुरतो. थॉमस ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाने १८६६ साली पॅलेडियम या मौल्यवान धातूच्या बाबतीत हे दाखवले. धातूच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन त्यात मावतो, हे पाहून तो इतका चकित झाला की हायड्रोजन हाही एक धातूच असावा अशी कल्पना त्याने मांडली. टायटॅनियम याच जातकुळीतला. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते. टायटॅनियम मिळतो तो अशा खनिजातून. हा धातू निर्वात जागी तापवून, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात थंड केला, की त्याच्या एकेका अणूमागे हायड्रोजनचे जवळजवळ दोन-दोन अणू आत जाऊन बसतात. तेवढ्याच आकारमानाच्या द्रवरूप हायड्रोजनमध्येही इतके अणू नसतात. धातूत ते सुमारे दुप्पट दाटीने बसतात!

अर्थात, पोटभर खाण्याचे परिणाम धातूलाही चुकत नाहीत. हायड्रोजन पिऊन टायटॅनियम फुगतो, आणि त्याचा चिवटपणा जाऊन तो ठिसूळ होतो. खाली तांबे आहे तेवढेच, वर पापुद्रा मात्र फुगलेला. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा जसा सुटू पाहतो, तसा तो पहिल्या दिवसापासून सुटायला टपलेला असतो. जितका वायू जास्त, तितके टार्गेट दमदार. आणि जितके दमदार, तितके नाजूक. टार्गेट करणाऱ्याचे कसब या दोहोंचा मेळ घालण्यात असते.

आता ट्रिटियम म्हणजे कोण? हायड्रोजनच्या घरात तीन भाऊ. थोरला साधा हायड्रोजन, पाण्यात असतो तो. मधला ड्यूटेरियम, वजनाने दुप्पट. धाकटा ट्रिटियम, तिप्पट. पहिले दोघे स्थिरचित्त. धाकटा मात्र अल्पायुषी. त्याची कथा पुढे येईलच. १९३४ साली केंब्रिजमध्ये ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफोर्ड या तिघांनी ड्यूटेरियमवर ड्यूटेरियमचाच मारा करून पाहिला, तेव्हा या धाकट्याचा पत्ता लागला. पुढे कळले ते असे, की ड्यूटेरियमचे अणुगर्भ वेगाने ट्रिटियमवर आदळले, तर दोघे एकजीव होऊन लगेच फुटतात, आणि त्यातून हेलियमचा एक अणुगर्भ व एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. हा न्यूट्रॉन भलताच वेगवान: त्याची ऊर्जा १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, वेग सेकंदाला सुमारे ५२ हजार किलोमीटर. त्याच्या अंगावर विद्युतभार नसल्यामुळे तो कोणत्याही अणूच्या गर्भात बिनदिक्कत शिरतो. कारखान्यातल्या दरवानाने सगळ्यांना अडवावे आणि पोस्टमनला मात्र आत सोडावे, तसे. म्हणूनच शास्त्रज्ञांना तो हवा असतो.

आमचे यंत्र हेच करीत असे. एका टोकाला ड्यूटेरियमचे विद्युतभारित कण तयार करायचे, दीड-दोन लाख व्होल्टच्या जोरावर लांब निर्वात नळीतून त्यांना पिटाळायचे, आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी टार्गेटवर जाऊन आपटायचे.

इथे एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण साऱ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे. टार्गेटवर आपटणाऱ्या एक लाख कणांपैकी न्यूट्रॉन किती निर्माण करतात? चांगल्या ताज्या टार्गेटवर, दोन किंवा तीन. बाकीचे नव्याण्णव हजार नऊशे सत्त्याण्णव जातात कुठे? ते पापुद्र्यात एक-दीड मायक्रॉन आत घुसतात, वाटेतल्या अणूंना धक्के देत देत दमतात, आणि तिथेच बसकण मारतात. गणपतीच्या गर्दीत दर्शन घडते दोघांना आणि चेंगराचेंगरी होते लाखांची, त्यातलाच हा प्रकार.

या चेंगराचेंगरीचे परिणाम तीन. पहिला उष्णतेचा. दोन लाख व्होल्ट आणि एक मिलिअँपिअरचा झोत म्हणजे दोनशे वॉट; ते पडतात बोटभर रुंदीच्या ठिपक्यावर. टार्गेट फार तापले तर मुरलेला वायू पुन्हा बाहेर पडू लागतो, म्हणून चकतीच्या पाठीमागून सतत पाणी खेळवावे लागते. पाणी थांबले की टार्गेट संपले.

दुसरा परिणाम घरबदलाचा. धातूतले अणू रांगेत, नाट्यगृहातल्या प्रेक्षकांप्रमाणे आपापल्या खुर्चीवर बसलेले असतात. धक्का बसला की एखादा खुर्चीवरून उडतो आणि दोन रांगांच्या मध्ये जाऊन अवघडून उभा राहतो. त्याची खुर्ची रिकामी पडते. बहुतेक जण पुन्हा कुठल्या तरी खुर्चीवर बसतात, पण सगळे नाही. त्यातच नव्याने घुसलेले ड्यूटेरियमचे कण मुरलेल्या ट्रिटियमला हुसकावून त्याची जागा बळकावतात. मग ड्यूटेरियम ड्यूटेरियमवरच आदळू लागते. त्यातूनही न्यूट्रॉन निघतात, पण फार थोडे आणि पुष्कळच अशक्त.

तिसरा परिणाम डोळ्यांना दिसणारा. घुसलेला वायू एका ठराविक खोलीवर साठतो, त्याचे बुडबुडे होतात, आणि निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखे पापुद्र्याला फोड येतात. फोड फुटतो, टवका उडतो, खालचे तांबे दिसू लागते. शिवाय निर्वात करणाऱ्या पंपातल्या तेलाची वाफ झोताच्या जागी जळून काजळीचा थर बसतो तो वेगळाच. काही आठवड्यांनी टार्गेट काढावे तर मधोमध तपकिरी डाग, धोतरावर इस्त्री विसरल्यासारखा, आणि कडेने पोपडे.

त्यामुळे टार्गेटचे वय आम्ही दिवसांत मोजत नसू. ते मोजायचे मिलिअँपिअर-तासांत: किती झोत, किती वेळ सोसला. प्रत्येक न्यूट्रॉनबरोबर हेलियमचा एक कण जन्मतो. तो मोजणारा शोधक नळीत बसवलेला असे, आणि त्याच्या आकड्यावरून न्यूट्रॉन किती निघाले ते कळे. रोज संध्याकाळी तो आकडा मी नोंदवहीत लिहीत असे. वाण्याच्या खतावणीत उधारी जशी वाढत जावी, तसा हा आकडा रोज उतरत जाई. काही मिलिअँपिअर-तासांत उत्पन्न निम्म्यावर येई.

इथपर्यंतची झीज समजण्यासारखी आहे. वस्तू वापरली की झिजायचीच. चप्पल झिजते, जाते झिजते, माणूस झिजतो. पण टार्गेटला झिजण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे, आणि ती मला जास्त विचारात पाडीत आली.

ट्रिटियम अल्पायुषी, असे मघाशी म्हटले. १९३९ सालापर्यंत लोकांची समजूत उलटी होती: ट्रिटियम टिकाऊ आणि त्याच वजनाचा हलका हेलियम नाशिवंत. बर्कलीत अल्व्हारेझ आणि कॉर्नोग यांनी प्रयोग करून ती फिरवली. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे. आज शंभर अणू असतील तर बारा वर्षे आणि काही महिन्यांनी पन्नास. उरलेल्या पन्नासांचा हेलियम झालेला. वर्षाकाठी साडेपाच टक्क्यांची ही गळती कोणालाही थांबवता येत नाही. टार्गेट यंत्रात ठेवा, कपाटात ठेवा, तिजोरीत ठेवा, देव्हाऱ्यात ठेवा.

आणि नुसते ट्रिटियम कमी झाले असते तरी चालले असते. त्याच्या जागी जो हेलियम येतो, तो धातूच्या घरातला नव्हे. हेलियम हा मोठा एकलकोंडा वायू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात आपल्या देशात गुंटूरला जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला, त्या सुमारास त्याची पहिली चाहूल लागली. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडावे लागले, कारण तो कोणाशी संयोगच पावत नाही. टायटॅनियमशी हायड्रोजनचे गूळपीठ. हेलियमचे मात्र कोणाशीच जमत नाही. मग असे दुरावलेले हेलियमचे अणू धातूत हिंडत हिंडत एकमेकांना गाठतात आणि बारीक बारीक बुडबुड्यांत कोंडून राहतात. बुडबुडा मिलिमीटरचा काही दशलक्षांश, पण आतला दाब बाहेरच्या हवेच्या हजारो पट. त्या दाबाने पापुद्रा आतून ताणत राहतो. वर्षानुवर्षे तो हे सारे मुकाट्याने पोटात ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. पुढे धातूच्या दर दहा अणूंमागे तीन-चार हेलियमचे अणू झाले, की बुडबुडे एकमेकांना जोडले जातात, आणि मग जो हेलियम सुटू लागतो तो आवरत नाही.

या दुसऱ्या झिजेवरून आमच्याकडे १९८६ साली एक पेचप्रसंग उभा राहिला. तेव्हा टार्गेट परदेशातून मागवलेले असे. परकीय चलनाची परवानगी, किरणोत्सर्गी मालाचे परवाने, कस्टमचे हेलपाटे. चार वर्षांपूर्वी, १९८२ साली, आमच्या प्रमुखांनी असे दोन नग मिळवले होते. एक यंत्रावर चढला. दुसरा हवाबंद डब्यात, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याच्या खोलीत, लोखंडी कपाटात कुलूपबंद राहिला. किल्ली सरांच्या कमरेला. “महत्त्वाच्या कामाला ठेवलंय,” असे ते सांगत. सर माणूस मोठा सज्जन. रेशनच्या साखरेवर आणि वारावर जेवून शिकलेले. वापरलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूंवर ते गणिते करीत. अशा माणसाने काही राखून ठेवले तर त्यात नवल कसले?

त्या वर्षी एक मुलगी डॉक्टरेटचे काम करीत होती. वेगवान न्यूट्रॉन धातूंवर आदळले की त्यांच्या आत हेलियम आणि हायड्रोजन किती तयार होतो, हे मोजण्याचे तिचे काम. न्यूट्रॉनचा मारा करून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, त्यात नवे किरणोत्सर्गी अणू किती झाले ते मोजायचे, आणि त्यावरून हिशेब बांधायचा. काही धातूंत हे अणू इतके थोडे होतात, की टार्गेट दमदार नसेल तर मोजणीच्या यंत्रावर नेहमीच्याच खडखडाटात ते हरवून जातात. तिची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती. घरी वडील निवृत्त, धाकटा भाऊ शिकणारा. मुदत वाढण्याची आशा नव्हती.

नोव्हेंबरात मी नोंदवही घेऊन सरांच्या खोलीत गेलो. ती मागे दाराशी उभी.

“सर, टार्गेट थकलं. झोत तेवढाच आहे, पण न्यूट्रॉन निम्म्याच्याही खाली आलेत.”

“मग झोत वाढवा.”

“वाढवला तर तापेल. आहे तेवढा वायूही जाईल.”

सर काही बोलले नाहीत. तिने धीर करून विचारले, “सर, कपाटातलं मिळेल का?”

“अगं, ते महत्त्वाच्या कामासाठी आहे.”

“माझं काम...” एवढे म्हणून ती थांबली. पुढचे वाक्य तिने मनात पुरे केले असावे. तिचे डोळे तेवढे बोलले.

अर्धायुष्याचे सूत्र सरांना मी सांगायची गरज नव्हती. मला ते त्यांनीच शिकवलेले. पण शिकवलेली गोष्ट स्वतःच्या कपाटाला लागू असते, हे ध्यानात यायला निमित्त लागते. मी फक्त विचारले, “सर, ते येऊन चार वर्षं झाली ना?” त्यांनी माझ्याकडे पाहिले, टेबलावरचे एक पाकीट उलटे केले आणि पेन्सिल हातात घेतली. दोन ओळींचे गणित. उत्तराखाली रेघ मारून ते बराच वेळ त्याकडे पाहत बसले.

“एक पंचमांश गेलं,” ते म्हणाले. मग खिन्न हसून, “म्हणजे कस्टमला जेवढं भरलं, तेवढं कपाटातच उडालं की हो!”

आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

टार्गेट बदलण्याचा विधी सोवळ्यातल्या स्वयंपाकाइतका कडक असतो. ट्रिटियमचे किरण अगदी लेचेपेचे, कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे त्यांची मजल जात नाही. पण तो पाण्याच्या रूपाने श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात गेला तर सर्वांगात पसरतो, आणि जुन्या टार्गेटचे पोपडे म्हणजे त्याची भुकटीच. म्हणून दुहेरी हातमोजे, जोरात हवा खेचणारा पंखा, जमिनीवर अंथरलेले कागद, आणि नंतर लघवीची तपासणी. (या तपासणीच्या बाटलीमुळे आमच्या घरी बरेच दिवस मला काही आजार झाल्याचा संशय होता.) जुनी चकती बाहेर आली. मधला डाग, कडेचे पोपडे, ठिकठिकाणी उघडे पडलेले तांबे. तिला डबाबंद करताना, नोंदवहीतल्या कोणकोणत्या तारखा तिच्या अंगावर उमटल्या आहेत, असा विचार माझ्या मनात आला. नवी चकती चढली. संध्याकाळी आकडा पाहून त्या मुलीने टाळी वाजवली, आणि मग लगेच सरांच्या खोलीकडे पाहून हात मागे घेतला.

तीन महिने यंत्र दिवसरात्र चालले. फेब्रुवारीच्या अखेरीस तेही टार्गेट निम्म्यावर आले. पण तोवर तिची मोजमापे पुरी झाली होती. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे आणि माझेही आभार आहेत. टार्गेटचा उल्लेख आतल्या एका तक्त्यात आहे. क्रमांक, जाडी, ट्रिटियमचे प्रमाण. पाखराच्या नशिबी यापेक्षा जास्त कधी येत नाही.

तिने जे मोजले त्याचे महत्त्व मला पुढे हळूहळू कळत गेले. सूर्यात जी प्रक्रिया चालते तिच्या धर्तीवर पृथ्वीवर वीज निर्माण करण्याचे जे प्रयत्न आहेत, त्यांतही ड्यूटेरियम आणि ट्रिटियमच एकजीव करायचे आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये ‘इटर’ नावाची प्रचंड भट्टी उभी राहत आहे. २००५ साली भारतही त्या कामात सामील झाला. तिथे ऊर्जेचे पाचातले चार हिस्से याच वेगवान न्यूट्रॉनांच्या अंगी असतील, आणि ते झेलतील भट्टीच्या भिंती. म्हणजे आमच्या चकतीवर जे बेतले, ते उद्या भिंतीच्या भिंतींवर बेतणार. अशा भट्ट्यांतून खरोखर वीज काढायची तर त्यांच्या भिंतीतला एकेक अणू आयुष्यात कित्येकदा आपल्या जागेवरून उडेल, आणि न्यूट्रॉनांच्या आघाताने धातूच्या पोटातच हेलियम तयार होऊन पुन्हा तेच बुडबुडे. ते किती, हे आधी ठाऊक हवे.

या परीक्षेसाठी अमेरिकेत लिव्हरमोर येथे एक यंत्र होते. ते १९८७ पर्यंत चालले. त्यातले टार्गेट सुमारे अर्धा मीटर व्यासाचे, आणि मिनिटाला पाच हजार फेरे घेणारे, कारण एका जागी थांबले तर झोताने क्षणात जळून जाईल. दुसऱ्या धातूंना मार सोसेल का हे पाहण्यासाठी आधी स्वतः मार सोसायचा आणि त्यासाठी गरगर फिरत राहायचे, हे वाचून मला घरोघरच्या गृहिणींची आठवण झाली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांचे यंत्र आहे. त्या न्यूट्रॉनांनी अणुभट्टीच्या एका छोट्या प्रतिकृतीला चेतना देण्याचे प्रयोग तिथे झाले.

तेलविहिरी खणणाऱ्यांनी मात्र एक नामी युक्ती काढली आहे. जमिनीच्या पोटातले खडक तपासण्यासाठी ते मनगटाएवढ्या बंद नळ्या विहिरीत सोडतात. त्यांतही असाच पापुद्रा असतो. पण झोतात नुसते ड्यूटेरियम न ठेवता ते ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचे मिश्रण ठेवतात. त्यामुळे जो झोत पापुद्र्यातले ट्रिटियम हुसकावतो, तोच झोत नवे ट्रिटियम आत पेरीत जातो. मार देणाराच भर घालतो. धातूची झीज आणि हेलियमचा साठा यांवर त्यालाही उपाय नाही, परंतु टार्गेटचे आयुष्य कितीतरी वाढते. ज्या संसारात रागावणारे माणूसच रात्री पांघरूण घालते, ते संसार जास्त टिकतात, यापेक्षा हे वेगळे काय?

निवृत्त झाल्यावर माणूस उगाच तत्त्वज्ञान सांगू लागतो, असा आमच्या घरात माझ्यावर आरोप आहे. पण सरांची ती किल्ली आठवली की मला आईची पैठणी आठवते. तिच्या लग्नातली. ‘चांगल्या प्रसंगाला’ म्हणून तिने ती मलमलीच्या फडक्यात बांधून पेटीत ठेवली. वर्षातून एकदा ऊन दाखवायचे आणि पुन्हा त्याच घड्या. माझ्या लग्नात नेसायला म्हणून काढली, तर प्रत्येक घडीवर जर तुटलेली आणि रेशीम चिरलेले. अंगावर चार वेळा नेसून जेवढी झिजली नसती, तेवढी ती पेटीत झिजली होती. वापरलेली वस्तू झिजते हे आपण मध्यमवर्गीय माणसे फार चांगले जाणतो. त्यावर आपले अर्धे संसार उभे आहेत. न वापरलेलीही झिजते, हे कळायला मला टार्गेटपाशी नोकरी करावी लागली. दोन्ही झिजांत फरक एवढाच, की वापरताना जे झिजते त्यातून लाखात दोन-तीन का होईना, न्यूट्रॉन निघतात. कपाटातल्या झिजेतून निघतो तो नुसता हेलियम.

गेल्या दिवाळीला फराळाला मंडळी जमली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पाहुण्यांसाठी म्हणून पंचवीस वर्षे राखून ठेवलेल्या कपबश्या मी काचेच्या कपाटातून बाहेर काढल्या. तासाभरात एका कपाचा कान उडाला. मी हळूच तिच्याकडे पाहिले. तिने क्षणभर तो तुकडा हातात धरला आणि पदराआड हसली.

“उडू दे,” ती म्हणाली, “आधी चहा घ्या. निवतोय.”